दहापर्यंत मोजायची भाषा

साखळीच्या बाजारात गोकुळदासचं केस कापायचं दुकान होतं. दुकानामागच्या पडवीत छताला एक पोतं टांगलेलं असे. पुढे दाढी आणि मागे बॉक्सिंग, असा त्याचा दुहेरी धंदा होता. त्यातला दुसरा तो फुकट करायचा.

तरुणपणी तो मुंबईला माझगावात एका सलूनमध्ये कामाला होता. तिथल्या एका क्लबात आपण एका गोऱ्या खलाशाला दुसऱ्याच राउंडमध्ये आडवा केला, असं तो सांगे. खलाशी कधी इंग्रज असे, कधी नॉर्वेचा. पण गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा असतानाच ही हकीगत सांगितली जात असल्यामुळे खलाशाच्या मुलखाची चौकशी कोणी करत नसे. शिवाय पुरावा म्हणून गोकुळदासचं नाक होतं. ते मध्येच मोडून डाव्या अंगाला वळलं होतं, आणि तो समोरून बोलत असला तरी शेजाऱ्याशी बोलतोय असं वाटे.

पोत्यात पहिल्यांदा त्याने खाणीची माती भरली होती. साखळीत फुकट मिळणारी तेवढी एकच वस्तू. पणजी लाइनवरचा एक कंडक्टर हा त्याचा पहिला विद्यार्थी. पहिल्याच ठोशानंतर तो उजवा हात गळ्यात बांधून फिरू लागला आणि बरेच दिवस डाव्या हाताने तिकिटं फाडत राहिला. मग गोकुळदासने माती काढून भाताचं तूस भरलं. तुसात उंदरांनी बिऱ्हाड केलं. ठोसा जोरात बसला की पोत्यातून बारीक किंचाळी येई, आणि आपली प्रगती होत आहे असा विद्यार्थ्यांचा समज होई. हात बरा झाल्यावर कंडक्टर परत आला. हलत्या बसमध्ये उभं राहून त्याचे पाय तयार झाले होते, तोल कधी जात नसे. फक्त समोरचा अंगावर आला की तो सवयीने "मागे सरका, मागे सरका" म्हणे आणि स्वतःच सरकत सरकत पडवीच्या बाहेर जाई.

असा सगळा कारभार चालू असताना गोकुळदासला धाकू सापडला.

धाकू दोडामार्गाकडचा. खाणीवरून आमोण्याच्या जेटीवर माल नेणाऱ्या ट्रकवर तो ड्रायव्हर होता. त्या ट्रकांचं स्टिअरिंग फिरवणं म्हणजे घाणा ओढण्यासारखं काम, त्यामुळे त्याचे दंड माडाच्या बुंध्यासारखे झाले होते. स्वभावाने मात्र तो इतका मवाळ, की रस्त्यात कुत्रं झोपलेलं असलं तर हॉर्न न वाजवता खाली उतरून त्याला उठवायचा. गावी एकटी आई होती. इथे तो ड्रायव्हर लोकांच्या खोलीत राहायचा आणि स्वतःपुरता भात शिजवायचा, तो बहुतेक वेळा करपलेला असे.

एका सकाळी त्याने बाजारात ट्रक थांबवून दार उघडलं. ट्रकांच्या लाल धुळीने आपलं पीठ खराब होतं, म्हणून एक भुसारी व्यापारी नेमका त्याच वेळी भांडायला येऊन दारापाशी उभा होता. दार त्याला लागलं आणि तो गटारात गेला. धाकू घाईघाईने उतरला, त्याने त्याला काखेत धरून वर काढलं, त्याची टोपी झटकून दिली.

"लागला काय ओ?" त्याने विचारलं.

रस्त्यापलीकडे गोकुळदास एकाची दाढी करत होता. त्याला दार दिसलं नव्हतं. त्याला एक जाडजूड डावा हात दिसला आणि एक माणूस नाहीसा झालेला दिसला.

"लेफ्ट हूक," तो अर्ध्या दाढीच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, आणि वस्तरा हातात घेऊनच रस्ता ओलांडून गेला.

धाकूने त्याला परोपरीने सांगितलं, "मास्तर, दरवाजो लागलो ओ. मी काय केलंय नाय."

"खरा हूक असाच असतो. मारणाऱ्यालाही कळत नाही," गोकुळदास म्हणाला. मुंबईत शिकलेली विद्या तो मुंबईच्याच मराठीत शिकवत असे. "संध्याकाळी पडवीत ये."

धाकू त्या संध्याकाळी गेला तो नाही कसं म्हणायचं हे न सुचल्यामुळे. दुसऱ्या संध्याकाळी गेला त्याचं कारण वेगळं होतं. पहिल्या दिवशी पोत्याला चार ठोसे मारून झाल्यावर गोकुळदासची बायको विनोदिनी हिने त्याला आत बोलावून जेवायला वाढलं. सुंगटांची, म्हणजे कोळंबीची कढी, उकड्या तांदळाचा भात, वर दोन उकडलेली अंडी. बॉक्सरच्या अंगात ताकद हवी, असं गोकुळदासचं म्हणणं. त्या जोडप्याला मूल नव्हतं. विनोदिनी बोलायला फटकळ, पण वाढायला लागली की हात आखडायचा नाही. धाकू खाली मान घालून जेवला आणि स्वतःचं ताट स्वतः धुवायला निघाला. तिने ते त्याच्या हातातून काढून घेतलं. मग तो रोज येऊ लागला.

शिष्य म्हणून त्याच्यात एकच दोष होता. ठोसा त्याला मारता येई, तो बसेही. पण बसल्याबरोबर तो दोन्ही हात खाली सोडून विचारी, "लागला काय रे?" कंडक्टरला त्याने एकदा भुईवर बसवलं आणि लगेच तांब्यातून पाणी आणून दिलं. गोकुळदासने डोक्याला हात लावला.

"उत्तर मिळेपर्यंत समोरचा तुला मारून मोकळा होईल रे."

"पण इचारूक नको?" धाकू म्हणाला.

हे सगळं पडवीतच राहिलं असतं. पण ती वर्षं भाषेची होती. कोंकणी की मराठी, ह्यावरून गोव्यात मोर्चे निघाले होते, बस बंद पडल्या होत्या, सोयरिकी मोडल्या होत्या. सत्याऐंशीच्या फेब्रुवारीत कायदा झाला. कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामात जागा मिळाली, त्यामुळे जिंकल्याचा आनंद आणि फसवले गेल्याचं दुःख, दोन्ही गोष्टी दोन्ही पक्षांना एकदमच भोगता आल्या. मग मे महिन्यात बातमी आली की तीस तारखेला गोवा राज्य होणार.

साखळीत कृष्णनाथबाब नावाचे सुपारीचे व्यापारी होते. एका युवक मंडळाचे ते अध्यक्ष आणि मराठीचे कडवे अभिमानी. भाषण मराठीत करायचे आणि ते कसं झालं हे घरी जाऊन बायकोला कोंकणीत विचारायचे. त्यांच्या कानावर आलं, की म्हापशाच्या एका क्लबाकडे मिंगेल नावाचा पोदेर आहे, भट्टीत पाव भाजणारा, आणि बारदेशात त्याच्यासमोर कोणी टिकत नाही. म्हापशाचा तो क्लब कोंकणीवाला. कृष्णनाथबाब गोकुळदासच्या खुर्चीत बसले असतानाच त्यांच्या मनात योजना तयार झाली.

"राज्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, आपल्या मैदानात सामना. आपला मराठी वीर आणि त्यांचा कोंकणी. कागदावर जे झालं ते झालं, मैदानावर बघू."

गोकुळदासला भाषेचं काही पडलं नव्हतं. साखळीत खराखुरा बॉक्सिंगचा सामना होणार, एवढंच त्याला ऐकू आलं. धाकूला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तो काय म्हणाला असता, सांगता येत नाही. त्याच्या मनात सरळ हिशोब होता, की बॉक्सिंग सुटलं म्हणजे ते घर सुटलं.

म्हापशाच्या क्लबाचे लोक आले आणि कृष्णनाथबाबांच्या बाल्कांवावर, दारापुढच्या ओसरीत, बैठक झाली. पहिला वाद जाहिरातीचा. कृष्णनाथबाबांना 'मुष्टियुद्ध' हवं होतं. तो शब्द आमचा नव्हे, असं म्हापसेकर म्हणाले. शेवटी 'बॉक्सिंग' ठरलं, कारण तो दोघांचाही नव्हता. खरी पंचाईत पुढे होती. पंच म्हणून पेडण्याचे निवृत्त सुभेदार सदाशिव यांना बोलावलं होतं. फौजेत त्यांनी असे कितीतरी सामने चालवले होते. त्यांनी साधा प्रश्न विचारला.

"माणूस पडला तर मी दहापर्यंत मोजतो. कुठल्या भाषेत मोजू?"

बाल्कांवावरच्या दोन्ही बाजू सरसावून बसल्या.

"मराठीत," कृष्णनाथबाब म्हणाले.

"राजभाशेंत," म्हापशाचे सेक्रेटरी म्हणाले.

सुभेदारांनी दोन्ही मोजण्या बोटांवर करून पाहिल्या. एक ते पाच दोघांचं सारखंच होतं. पुढे ह्यांचे सहा तिथे त्यांचे स, ह्यांचे नऊ तिथे त्यांचे णव, ह्यांचे दहा तिथे त्यांचे धा. "तीन आकड्यांचा तर प्रश्न आहे," ते म्हणाले. पण तत्त्वाचा प्रश्न आकड्यांवर अवलंबून नसतो, असं दोन्ही बाजूंनी त्यांना समजावलं. ते म्हणाले, मग फौजेतल्यासारखं हिंदीत मोजतो. हिंदी चाललं असतं तर एवढी वर्षं भांडलो कशाला, असं कृष्णनाथबाबांनी विचारलं. इंग्रजीचं नाव निघालं तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, इंग्रज कधी गोव्यात आला नाही, त्याला आता कशाला आणायचा?

धाकू कोपऱ्यात उभा होता. कृष्णनाथबाबांना वाटलं, आपल्या वीराची साक्ष काढावी.

"धाकू, तू सांग. तू कसा मोजतोस?"

"एक, दोन, तीन, चार, पाच, सा, सात, आठ, नव, धा," धाकू म्हणाला.

म्हापसेकरांनी एकमेकांकडे पाहिलं. कृष्णनाथबाबांनी धाकूला चहा झाला का बघायला आत पाठवलं. मग असं ठरलं, की सुभेदारांनी तोंडाने काहीच मोजू नये, नुसती बोटं वर करावीत. बोटांना अजून कोणी भाषा दिलेली नव्हती.

सामन्याच्या दिवशी सकाळी दोघांची वजनं कृष्णनाथबाबांच्या वखारीतल्या सुपारीच्या काट्यावर झाली. वजन लिहून घेणारा माणूस पेन्सिल शोधायला गेला, तेवढा वेळ धाकू आणि मिंगेल पोत्यांवर शेजारी शेजारी बसले. मिंगेल बुटका, रुंद, भट्टीच्या धगीने भुवया विरळ झालेल्या. त्यानेच सुरुवात केली.

"तूं खंयचो?"

"दोडामार्गाकडचो."

"मग बांदा तुका खबर आसतलें. थंय म्हज्या मामाची पावाची भट्टी. हांव थंयच वाडलों." आणि एकदम तो धाकूच्याच बोलीत शिरला. "सातवीपर्यंत थयच मराठी शाळेत होतंय. कविता पाठ नाय झाली तर गुरुजी ह्या हातावर मारीत. आजून पाठ आसत."

धाकू त्याच्याकडे बघत राहिला. "माझो आजो बांद्याच्या बाजारासून पाव हाडी. भट्टीच्या भायर पिंपळ आसा, तीच काय?"

"तीच."

समोर काट्याचा मोठा लोखंडी तराजू होता.

"तुका ह्या आवडता?" धाकूने हळूच विचारलं.

"मारूक? आवडता. राग बिग काय येना, पण आवडता." मिंगेलने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुका नाय आवडणा."

धाकूने पोत्यातून बाहेर आलेली एक सुपारी बोटाने आत ढकलली.

"मग एक आयक. पडलंस तर घाईत उठू नको. पडान रव. पडलेल्याक कोण मारणा नाय." एवढ्यात पेन्सिलवाला परत आला, आणि म्हापशाच्या लोकांना आपला माणूस शत्रूशी बोलताना दिसू नये म्हणून मिंगेल उठून दुसऱ्या पोत्यावर जाऊन बसला.

दुपारी चारला मैदान भरलं. आदल्या दिवशी राज्य झालं होतं, त्याच्या कमानी अजून उभ्या होत्या. रिंग म्हणजे नाटकाचा रंगमंच होता. त्यावर ट्रकची ताडपत्री ताणून बसवली होती आणि भोवती आमोण्याच्या माल वाहणाऱ्या बार्जीवरून आणलेले मनगटाएवढे दोर. त्यांना नदीच्या चिखलाचा वास येत होता. बॅन्ड साखळीत एकच, त्यामुळे तो दोन्ही पक्षांनी ठरवला होता आणि वाजंत्री दोन्हीकडून सुपारी घेऊन मध्यभागी बसले होते.

पहिल्या राउंडमध्ये बराच वेळ दोघे एकमेकांभोवती फिरले. मग मिंगेल आत घुसायला गेला आणि धाकूचा डावा हात, स्टिअरिंग वळवावं तसा, त्याच्या कानशिलावर बसला. मिंगेल दोन पावलं मागे गेला. साखळीकर उठून उभे राहिले. धाकूने दोन्ही हात खाली सोडले.

"लागला काय रे?"

"ना रे. तूं मार," मिंगेल म्हणाला.

"बघा, मराठीत विचारलं," कृष्णनाथबाब शेजाऱ्याला म्हणाले. मागच्या रांगेतल्या एका म्हापसेकराने ते ऐकलं. तो म्हणाला की विचारलं ते कोंकणीत, उत्तर तर त्याहून कोंकणीत. इथपासून प्रेक्षकांचं लक्ष रिंगवरून थोडं कमी झालं.

मधल्या विश्रांतीत गोकुळदासने धाकूच्या तोंडावर पाणी मारलं आणि कानाशी लागून म्हणाला, "उजवा मारायच्या आधी त्याचा खांदा खाली उतरतो. खांदा बघ. उतरला की डावीकडे सरक." हे त्याने इतकं बरोबर सांगितलं होतं की दुसऱ्या राउंडमध्ये धाकूला खांदा उतरताना अगदी स्पष्ट दिसला. तो बघत राहिला. मग उजवा आला आणि धाकू ताडपत्रीवर उताणा पडला.

सुभेदार पुढे झाले, त्यांनी मिंगेलला कोपऱ्यात पाठवलं आणि हात वर करून एक बोट दाखवलं.

ठरल्याप्रमाणे ती मोजणी मुकी राहायची होती. पण एवढा जमाव बोटं बघून गप्प कसा बसेल? 'एक' असं सगळं मैदान मोठ्याने म्हणालं. दोन, तीन, चार, पाच. दोन वर्षांत साखळीचे आणि म्हापशाचे लोक एका सुरात काही बोलले असतील तर हे. पाचाला आवाज असा घुमला की कमानीवरची कबुतरं उडाली. आणि सहाव्या बोटाला मैदान दुभंगलं. अर्धे सहा म्हणाले, अर्धे स. सहावाल्यांना वाटलं की समोरचे मुद्दाम ओरडताहेत, स-वाल्यांनाही तेच वाटलं. सात आणि आठ हे परत दोघांचे एकच होते, पण ते म्हणायला कोणी थांबलं नाही. खुर्च्या सरकल्या. रिंगला लागून उभा असलेला एकजण सुभेदारांना बोट हळू हळू वर करा म्हणून सांगायला दोरावर चढला, दुसऱ्याने त्याला खाली ओढलं, आणि पडता पडता त्याने सुभेदारांचा मोजता हातच धरला.

धाकूला खाली पडल्या पडल्या हे सगळं लांबून ऐकू येत होतं. ताडपत्रीला ट्रकचा ओळखीचा वास होता. वर आभाळ निवळ होतं, एक घार फिरत होती. डोकं दुखत होतं, पण मिंगेलचं म्हणणं त्याला पटलं. त्याने डोळे मिटले.

गोकुळदासला फक्त एवढं दिसलं, की धाकूने डोळे मिटले आणि त्याच्या नाकातून रक्त येतंय. बॉक्सिंगचे सगळे नियम गोकुळदासला पाठ होते. मोजणी चालू असताना कोपऱ्यातला माणूस आत शिरला तर त्याचा बॉक्सर बाद होतो, हा त्यातला पहिला. तो दोराखालून वाकून आत शिरला, धाकूपाशी गुडघ्यावर बसला आणि दोन बोटांनी त्याच्या नाकाचं हाड चाचपून पाहिलं.

"मोडलं नाही," तो म्हणाला. "धाकू, बघ माझ्याकडे. दिसतंय?"

"दिसता, मास्तर."

"मग पडून राहा. उठायचं काही कारण नाही."

सुभेदारांनी कोणाच्या तरी मुठीतून आपला हात सोडवून घेतला आणि गोकुळदासकडे पाहिलं. गोकुळदासने मान हलवली. सुभेदारांनी मिंगेलचा हात धरून वर केला. निकाल नियमाप्रमाणे लागला आणि तो रिंगमधल्या चौघांनाच कळला, कारण मैदानात त्या वेळी नऊ आधी झाले की णव, ह्यावर मारामारी चालली होती. ती त्या दिवशीच्या सामन्यापेक्षा बरीच चुरशीची झाली, असं पुढे कंडक्टर सांगत असे.

अंधार पडायच्या आत दोन विजयी मिरवणुका निघाल्या. कृष्णनाथबाबांच्या मते दहा म्हटलेच गेले नव्हते, तेव्हा धाकू अजिंक्य. म्हापसेकरांच्या मते धा कधीच झाले होते. बॅन्डमधले ढोलवाले इकडच्या मिरवणुकीत गेले आणि क्लॅरिनेटवाले तिकडच्या. बाजारातल्या अरुंद वळणावर दोन्ही मिरवणुका समोरासमोर आल्या तेव्हा त्या दिवशी पहिल्यांदाच पूर्ण गाणं ऐकायला मिळालं. इकडच्या मिरवणुकीत धाकू नव्हता, म्हणून त्याच्या ट्रकला हार घातला होता. तिकडच्यांनी मिंगेलचे ग्लव्ह्ज काठीला बांधून पुढे धरले होते. ते ग्लव्ह्ज खरं तर गोकुळदासचे होते.

धाकू आणि मिंगेल दोघेही विनोदिनीच्या स्वयंपाकघरात बसले होते. तिने एकाच्या नाकाला आणि दुसऱ्याच्या कानाला ओलं फडकं लावायला दिलं होतं आणि भात वाढला होता. गोकुळदास पुढच्या दुकानात शटर ओढून घेत होता, मिरवणुकीत काच फुटू नये म्हणून.

"वयनी, माका ह्या नको," धाकू म्हणाला.

"कितें, कढी?"

"बॉक्सिंग."

विनोदिनीच्या हातातली कढीची डवली भांड्यावरच राहिली. "मागीर आजमेरेन सांगूंक ना तें?"

धाकू ताटाकडे बघत होता. "सांगितलंय आसतंय तर हंय जेवूक कसो येतलंय?"

मिंगेलने आपल्या भातात बोटं घातली आणि कोणाकडे बघितलं नाही. विनोदिनीने कढी वाढली, नेहमीपेक्षा जरा जास्तच.

"धाकू, तांतयां बॉक्सिंगाक लागून हाडटालें, तीं आतां बंद," ती अंड्यांच्या टोपलीकडे बोट दाखवून म्हणाली. "शीत आमकां दोगांक रांदतां, तांतूंत तिसऱ्याचें जाता. तें कित्याक बंद करूं?" मग पुढच्या दुकानाकडे मान करून, आवाज जरा खाली आणून म्हणाली, "आनी ताकाय नाका आशिल्लें. तो रिंगांत एकदांच देंवला. पयल्या मिनटाक नाक मोडलें. खलाशी बी कोण ना, बाजूच्या खोलींतलो शिंपी. पूण दुसऱ्या दिसा परत गेलो. सात वर्सां वचून दोरा भायर बसलो आनी पळयत रावलो."

गोकुळदास आत आला तेव्हा तिघेही जेवत होते. तो पाटावर बसला.

"मास्तर," मिंगेल म्हणाला, "माझो खांदो उतरता, ह्या तुमका कसा कळला? माका कोणी आजून सांगूक नाय."

"बघून," गोकुळदास म्हणाला.

"मग तो उतरूक नये म्हणान काय करूचा?"

गोकुळदासने त्याच्याकडे पाहिलं, मग धाकूकडे. धाकूने मान डोलावली, ट्रकची किल्ली दुसऱ्या ड्रायव्हरला द्यावी तशी. "रविवारी ये," गोकुळदास म्हणाला. "येताना पाव आण."

मिंगेल दर रविवारी येऊ लागला. म्हापशाला तो सांगायचा की साखळीला पाव विकायला जातो, आणि टोपलीभर उंडे पाव खरोखरच घेऊन यायचा. धाकू पोतं धरून उभा राही. ठोसा बसला की आता विचारायला कोणी माणूस नव्हता, आणि उंदरांच्या किंचाळीला कोणी तक्रार मानत नसे. थंडीच्या दिवसांत पणजीला राज्याच्या स्पर्धा झाल्या. मिंगेल त्यात पहिला आला आणि पेपरात आलं, की त्याला साखळीच्या गोकुळदास मास्तरांनी तयार केलं.

कृष्णनाथबाबांनी तो पेपर वखारीच्या दारावर चिकटवला. आठवड्याभरात त्यांच्या मंडळाने त्याच मैदानावर मिंगेलचा सत्कार ठेवला. फलकावर 'साखळीचा सुपुत्र' असं लिहिलं होतं. शाल झाली, नारळ झाला, गोकुळदासलाही एक शाल मिळाली. कृष्णनाथबाब मराठीच्या थोरवीवर बोलले. मध्येच माइक बंद पडला तेव्हा त्यांनी वायरमनला जे काय सांगायचं ते कोंकणीत सांगितलं, आणि माइक सुरू झाल्यावर होते तिथून पुढे मराठीत बोलू लागले. मिंगेलने उत्तर दिलं ते बांद्याच्या गुरुजींनी शिकवलेल्या मराठीत. त्यात अध्यक्षांपेक्षा कमी चुका होत्या, पण त्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. लोक त्याचे हात बघत होते.

धाकू मागच्या रांगेत विनोदिनीच्या शेजारी बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. कृष्णनाथबाबांनी त्याला आजवर पाहिलं होतं ते बनियनवर. आभार मानता मानता त्यांची नजर त्या आडदांड माणसावर गेली.

"मागे बसलेले पाहुणे कुठून आले?"

धाकू उठून उभा राहिला. "दोडामार्गासून."

"पाहा," कृष्णनाथबाब माइकवर म्हणाले, "महाराष्ट्रातूनही रसिक मंडळी आली आहेत."

टाळ्या झाल्या. आजूबाजूचे वाजवत होते म्हणून धाकूनेही वाजवल्या. मग विनोदिनीने त्याच्या शर्टाला धरून त्याला खाली बसवलं आणि चुलीवर माशांचं निस्तें ठेवून आलेय, लवकर चल म्हणाली.